ऐलर्टचं अर्धं वाक्य

सोमवारी सकाळी विभागातला फोन वाजला तेव्हा मी कॉफीच्या यंत्राशी भांडत होते. आमच्या मजल्यावर अजून एक तारेचा फोन आहे. तो दोनच प्रकारची माणसं वापरतात, चुकीचा नंबर लावणारी आणि तुरुंगातली.

"योरुन, तुला माझं नाव माहीत आहे?"

आवाज मी लगेच ओळखला. "लोफोटेन," मी म्हटलं.

"ते माझ्या बेटांचं नाव झालं. मी माझं विचारतोय."

 दोन वर्षं, दर दुसऱ्या गुरुवारी, मी या माणसाच्या हातचे वॅफल खात होते. त्याचा कोणता गुडघा दुखतो, कोणता जॅम त्याला चालत नाही, सगळं मला पाठ होतं. नाव तेवढं ठाऊक नव्हतं.

"ऐलर्ट," तो म्हणाला. "कागदावर मी ऐलर्ट आहे. तुमच्या पुस्तिकेतही एक ऐलर्ट आहे, एकोणिसाव्या पानावर. तो म्हणतो, गेटबाहेर पडलो की पहिला विचार एकच, आता परत जायचं नाही. उपअधीक्षकांनी ते वाचलं. माझी रविवारची रजा रद्द झाली." मग जरा थांबून, अगदी साध्या आवाजात, त्याने विचारलं, "मी असं कधी म्हणालो होतो का गं?"

'नाही' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला. तेवढ्यात त्याची फोनची मिनिटं संपली आणि माझ्या कानात नुसता टूं टूं आवाज उरला.

तो शब्द मी का गिळला हे सांगायचं तर आमच्या गटाबद्दल सांगावं लागेल. नाव 'गुरुवार गट'. तुरुंग आणि शिक्षा या विषयांवर पीएचडी करणारे आम्ही पाच जण, आणि बोटीने वीस मिनिटांवर असलेल्या लाउव्हनेसच्या तुरुंगातले चार जण. पंधरा दिवसांतून एकदा त्यांच्या जेवणघरात बसून आम्ही काहीतरी वाचतो आणि त्यावर भांडतो. त्यातलं निवडक बोलणं आम्ही नुकतंच एका पुस्तिकेत छापलं होतं. गट मी चालवते. चालवते म्हणजे परवानगीचे अर्ज भरते, बोटीच्या वेळा पाहते, कुणी टाचेत लोखंड असलेले बूट घालून आलं तर त्याला नुसत्या मोज्यांवर गेटमधून आत नेते, आणि सिग्वेला चाळीस मिनिटांनी गप्प करते. सिग्वे कायद्यात पीएचडी करतो. तुरुंग ही कल्पना त्याला फार आवडते. तुरुंगातली माणसं मध्येच बोलली की मात्र त्याचा धागा तुटतो.

गटाचे नियम माझेच. पहिला, आत कुणी कुणाचं कागदावरचं नाव विचारायचं नाही आणि गुन्हाही विचारायचा नाही. जो जे सांगेल ते त्याचं नाव. म्हणून लोफोटेन हा लोफोटेन, आणि लाकडाच्या कारखान्यात काम करणारा साठीचा गृहस्थ तो सुतार. दुसरा नियम, कुणाचं बोलणं गेटबाहेर गेलं की त्याचं नाव बदलायचं आणि ओळख पटेल अशी प्रत्येक गोष्ट काढून टाकायची. मग पुढे कुणी कितीही खोदून विचारलं की हे शब्द कुणाचे, तरी 'त्याचे' म्हणायचं नाही आणि 'त्याचे नाहीत' असंही म्हणायचं नाही. होही नाही, नाहीही नाही. कारण चारांतल्या तिघांना 'नाही' म्हटलं की चौथा आपोआप उघडा पडतो.

नावं कुठून आणायची, हीसुद्धा माझीच हुशारी. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेखाली एकदोन नावं छापलेली असतात. त्या दिवशी त्या नावाच्या माणसाला शुभेच्छा द्यायच्या. लोक मनाने नाव निवडतात तेव्हा नकळत खऱ्या नावाच्या आसपास घोटाळतात, असा माझा सिद्धांत होता. म्हणून मनाचं काही नको. ज्या तारखेला माणूस बोलला, त्या तारखेखालचं नाव त्याला द्यायचं. या पद्धतीवर मी एका परिषदेत वीस मिनिटं बोलले होते आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. कॅलेंडरातलं नाव आतल्याच कुणाचं खरं नाव निघालं तर काय, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतही कुणी विचारलं नाही. आणि मी ते तपासणार तरी कशी? नाव विचारायचं नाही हा माझाच पहिला नियम.

ते वाक्य सुताराचं होतं.

मी कुलपाच्या कपाटातून मूळ वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही, कारण त्यावर लाल रेघ होती. पूर्ण वाक्य असं होतं: "गेटबाहेर पडलो की पहिला विचार एकच, आता परत जायचं नाही. मग मी आणि तुल्ला धक्क्यापर्यंत जातो. तिथं ती दमते, बसते आणि थोड्या वेळाने आपणहून वळते. कुत्री वळली की मीही वळतो. बावीस वेळा गेलो, बावीस वेळा आलो."

'मग'च्या पुढचं सगळं मी खोडलं होतं. समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'ओळख पटते'. बरोबरच होतं ते. रजेच्या दिवशी म्हाताऱ्या कुत्रीला फिरवणारा माणूस अख्ख्या लाउव्हनेसमध्ये एकच होता. त्या लाल रेघेचा तेव्हा मला अभिमानही वाटला होता.

आता गोष्ट अशी की आतल्या चौघांपैकी दोघांना रजा मिळतच नव्हती. उरले दोन, लोफोटेन आणि सुतार. म्हणजे 'हे लोफोटेनचं नाही' असं मी म्हणणं आणि सुताराच्या खांद्यावर हात ठेवणं एकच.

आणि रविवार साधासुधा नव्हता. रविवारी लोफोटेनच्या मुलीचं, सिन्नेचं, चर्चमध्ये दृढीकरण होतं, पंधराव्या वर्षी मूल मोठं झालं असं जाहीर करण्याचा सोहळा. विधी तासाभराचा, पण त्यानंतर जेवण असतं, आणि जेवताना बापाने उठून, पेला वाजवून, मुलीबद्दल चार शब्द बोलायचे असतात. लोफोटेनने दोन पानं लिहिली होती. पंधरा दिवसांपूर्वी गटात ती वाचूनही दाखवली होती. सुरुवात अशी होती की, सिन्ने, तू जन्मलीस तेव्हा मी मासेमारीच्या बोटीवर होतो, तू चालायला लागलीस तेव्हाही बोटीवर होतो, आणि नंतर मी जिथं होतो ते सगळ्यांना माहीत आहे. पण आज मी इथं आहे.  सिग्वेने सुचवलं की मांडणी जरा घट्ट करता येईल. तेव्हा सुतार म्हणाला, "पोरगी पंधराची होतेय रे. पीएचडी नाही करत."

'पण आज मी इथं आहे.' हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. दुपारी गटातल्या माझ्या चौघा सहकाऱ्यांना विभागाच्या स्वयंपाकघरात बोलावलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सिग्वे म्हणाला की तात्त्विक दृष्ट्या हे फार मोलाचं उदाहरण आहे. मी म्हटलं, तुझी तात्त्विक दृष्टी बोटीतून खाली टाकीन. तो लाल झाला. मग त्याने शांतपणे एक प्रश्न विचारला, आणि तो खरा होता, म्हणून मला जास्त झोंबला. तो म्हणाला, "गप्प राहिलीस तर एकाचं नुकसान. बोललीस तर दुसऱ्याचं, वर वचन मोडलं. मग हा नियम आपण कुणासाठी केला होता?"

मी पावाचा डबा उघडला, तपकिरी चीजचा तुकडा तोंडापर्यंत नेला आणि तसाच परत ठेवला.

मंगळवारी माझ्या मार्गदर्शक गुनवोर यांच्याकडे गेले. त्या स्वभावाने प्रेमळ आहेत, पण कागद दिसला की आधी शिक्का शोधतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि सांगितलं की नीतिविषयक समितीची बैठक पुढच्या मंगळवारी आहे, तोवर लेखी काहीही देऊ नकोस. मी म्हटलं, चर्च रविवारी आहे. त्या म्हणाल्या, मला कळतं. मी म्हटलं, समितीला कळेल का? त्या म्हणाल्या, समितीला मंगळवारी कळेल. मी दार जरा जोरातच लावलं.

बुधवारी सकाळच्या बोटीने लाउव्हनेसला गेले. वीस मिनिटं बसायचं असतं, मी वीस मिनिटं डेकवर येरझारा घातल्या. उपअधीक्षक ओस्मुंद यांच्या खिडकीत टोमॅटोची रोपं होती, एकेका कुंडीवर जातीचं नाव लिहिलेलं. त्यांनी मला कॉफी दिली. दुष्ट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

"पुस्तिकेत नावं बदललेली आहेत," मी म्हटलं. "पहिल्याच पानावर लिहिलंय तसं."

"वाचलंय मी." त्यांनी ड्रॉवरमधून पुस्तिका काढली. एकोणिसाव्या पानावर पिवळी चिठ्ठी होती. "पण उद्या हा माणूस परत आला नाही तर पेपरवाले पहिलं पान वाचणार नाहीत, एकोणिसावं वाचतील. तुरुंगाकडे आधीपासून लेखी होतं, तेही नावासकट. हे माझ्या कपाळी येईल."

"तो परत येणार नाही असं तुम्हाला वाटतं?"

"माझ्या वाटण्याला कोण विचारतंय? गेल्या वर्षी माझ्याही मुलीचं झालं. मला कळत नाही का?" त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं. "एक ओळ लिही. हे शब्द त्याचे नाहीत. खाली सही कर. पाच मिनिटांत रजा देतो."

"आणि मग तुम्ही विचाराल, कुणाचे?"

"मी कशाला विचारू? तुझ्या गटातले रजेवर जाणारे दोघेच आहेत," ओस्मुंद म्हणाले. "मला वजाबाकी येते."

पेन मी उचललं होतं. हे कबूल करते. कागदावर तारीखही लिहिली. मग तारखेवरून कॅलेंडर आठवलं, आणि मी पेन खाली ठेवून उठले. त्यांनी मला थांबवलं नाही. कागद तेवढा घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला, न जाणो मी परत आले तर.

परतीच्या बोटीत मला माझी चीड आली. वचन पाळलं म्हणून मी मोठी, की सही करायची छाती नाही म्हणून भित्री, हे मलाच कळेना. दोन्हींत मी कोरडीच राहणार होते, भिजणार दुसरंच कुणी. शरम वाटली, आणि शरमेचा पुन्हा राग आला.

गुरुवारी आमचा नेहमीचा दिवस. जेवणघरात वॅफलचा वास नव्हता. साचा कोपऱ्यात थंड पडला होता आणि लोफोटेन दोन्ही हात टेबलावर पसरून बसला होता. सुतार त्याच्या समोर, बाकीचे दोघे खिडकीपाशी. लोफोटेनने सांगितलं की सूट आला होता, जुन्या कपड्यांच्या दुकानातून, खांद्यात थोडा आखूड. खोलीत टांगून ठेवलाय. 

मी सगळं सांगितलं. कॅलेंडर, तारखा, नाव कसं पडलं ते. ऐलर्ट नावाचा माणूस याच टेबलाशी बसतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसणं हीच माझी पद्धत होती, हेही सांगितलं. ओस्मुंद काय म्हणाले तेही. वाक्य कुणाचं ते मी सांगितलं नाही. कुणाकडे पाहायचंही नाही असं ठरवून आले होते, म्हणून पूर्ण वेळ मिठाच्या डबीकडे पाहून बोलले.

बोटीत मी स्वतःला समजावलं होतं की त्यांच्यापासून काही लपवायचं नाही, एवढाच माझा हेतू आहे. तेही अर्धंच वाक्य होतं. उरलेलं अर्धं असं, की मला आशा होती, सुतार उठेल. जी सही मी केली नाही ती त्याने करावी, म्हणून मी कागद त्याच्यापुढे सरकवत होते. आज लिहिताना हे स्पष्ट दिसतं. तेव्हाही दिसत होतं, फक्त मी मिठाच्या डबीकडे पाहत होते.

 

मग सुताराने विचारलं, "पान एकोणीसवर कुत्री कुठंय?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. लोफोटेननेही. त्याला ते त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

"मी काढली," मी म्हटलं. "तुझी ओळख पटू नये म्हणून."

"कुत्री काढलीस तर मी नुसता पळपुटा उरतो की," सुतार म्हणाला. आवाज चढवला नाही. लाकूड वाकडं कापलं गेलं की कारागीर ज्या स्वरात बोलतो त्या स्वरात म्हणाला. मग उठला आणि खुर्ची टेबलाखाली सरकवली. तो नेहमीच सरकवतो. बाकी कुणी सरकवत नाही.

लोफोटेनने त्याची बाही धरली. "बस रे. नको."

"पोरीचं दृढीकरण काय दर महिन्याला असतं?"

"तुल्ला चौदा वर्षांची आहे."

"मला सांगतोस? मी पिल्लू असल्यापासून वाढवलीय तिला." त्याने बाही सोडवून घेतली आणि पहारेकऱ्यांच्या काचेकडे चालू लागला. बोटाच्या मागच्या बाजूने काचेवर दोनदा टकटक केली.

तो आत असताना मी उठले, बसले, पुन्हा उठले. उठून जायला जागा नव्हती. तुरुंगाच्या जेवणघरात येरझारा घालायच्या म्हटल्या तर बारा पावलं होतात. लोफोटेन मला म्हणाला, "बस ना गं. मला गरगरतंय." मी बसले. त्याने मला एकही कडू शब्द ऐकवला नाही, आणि ऐकवला असता तर फार बरं वाटलं असतं.

सिग्वे मात्र उठला. तो कोपऱ्यात गेला, फडताळातून पीठ काढलं, अंडी फोडली, आणि आयुष्यात कधी न केल्यासारखे वॅफल करू लागला. पहिला करपला. दुसरा साच्याला चिकटला. लोफोटेनने थोडा वेळ ते पाहिलं, मग न राहवून जाऊन त्याच्या हातातून पळी घेतली. "लोणी लाव आधी, डॉक्टर," तो म्हणाला. सिग्वेने लोणी लावलं.

सुतार परत आला तोवर पाच वॅफल झाले होते. त्याच्यामागून पहारेकरी आला आणि लोफोटेनला म्हणाला की रविवारी सकाळी साडेआठची बोट, कागद तयार आहे. सुताराबद्दल तो काही बोलला नाही. ते सुतारानेच सांगितलं, वॅफलला जॅम लावता लावता. त्याची रजा तीन महिने थांबवली होती, धोका पुन्हा तपासेपर्यंत. बावीस वेळा परत आल्याचं त्याने त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तेही विचारात घेऊ.

"आज वाचायचं काय आहे?" त्याने विचारलं.

आम्ही वाचलं. काय वाचलं ते मला आठवत नाही.

निघताना सुताराने मला दाराशी गाठलं. कागद आहे का, म्हणाला. मी वही उघडली. त्याने पत्ता सांगितला, शहराच्या जुन्या धक्क्याजवळचा, तिसरा मजला, क्लाउसेनबाई. तुल्ला त्यांच्याकडे असते. "रविवारी माझीही रजा होती," तो म्हणाला. "मी बरोबर अकराला जातो. तुल्लाला कळतं. ती दहापासून दाराशी बसते. तू जा आणि तिला धक्क्यापर्यंत ने."

"जाईन," मी म्हटलं. "सुताराने पाठवलं म्हणून सांगेन."

"सुतार कोण, हे त्या बाईला काय ठाऊक? ती साखळीसुद्धा काढायची नाही. खरं नाव सांगावं लागेल."

मग त्याने नाव सांगितलं. माझं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं. दोन वर्षांत मी एकही खरं नाव गेटबाहेर नेलं नव्हतं. हात आपोआप तारीख आठवू लागला, आज कॅलेंडरात कोणतं नाव आहे ते शोधू लागला. सुताराने ते ओळखलं असावं.

"लिही," तो म्हणाला. "आणि या वेळी बदलू नकोस."

मी लिहिलं. शुक्रवारी पुस्तिका परत मागवल्या, एकशे चाळीसपैकी एकशे सहा हाती लागल्या. गुनवोर यांना स्वतः जाऊन सगळं सांगितलं. गट बंद होईल की चालेल हे मंगळवारी कळणार होतं. कॅलेंडर भिंतीवरून काढून मी कपाटात टाकलं. तरीही तारीख पाहायला दिवसातून चारदा त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होते.

रविवारी दहा वाजताच मी धक्क्यावर होते. अकरापर्यंत त्या गल्लीतून तीन फेऱ्या मारल्या. रस्त्यावर नक्षीदार लोकरी पोशाखातल्या मुली, चांदीच्या पिना, त्यांच्या मागे छत्र्या धरलेल्या मावश्या. आमच्या गावातही त्या दिवशी दृढीकरण होतं. दोन तासांवरच्या दुसऱ्या गावात, एका चर्चच्या बाकावर, खांद्यात आखूड सूट घालून लोफोटेन बसला असणार, खिशात दोन पानं. ते आठवून बरं वाटलं. मग वर पाहिलं, तिसऱ्या मजल्याकडे, आणि ते बरं वाटणं टिकलं नाही.

क्लाउसेनबाईंनी दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एक डोळा आणि त्याच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एक पांढुरकं नाक दिसलं.

"तुल्लाला फिरवायला आलेय," मी म्हटलं.

"कुणी पाठवलं?"

जीभ अडखळली. विचारणारा प्रश्न विचारतो, आणि आपण होही म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. इतकी मुरली होती ती सवय. नाक फटीतून माझा हात हुंगत होतं. हातावर दुसऱ्याचाच वास होता, म्हणून ते मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"हालस्टाइनने," मी म्हटलं. "हालस्टाइन मुरेने."

साखळी निघाली. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, तो स्वतः का नाही आला. मी सांगितलं, माझ्यामुळे. त्यांनी पट्टा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या की जिना सावकाश उतरा, मागचे पाय आता धरत नाहीत.

तुल्ला सावकाश चालत होती. दर दहा पावलांवर थांबायची आणि मागे वळून पाहायची. माझ्याकडे नाही, माझ्या मागे. कुणी येतंय का ते बघायची, मग पुन्हा निघायची. दोनशे पावलांच्या धक्क्याला आम्हाला पाऊण तास लागला. मी आठवडाभर धावत होते. इतक्या हळू चालायचं कसं, ते मला तिच्याकडून शिकावं लागलं.

धक्क्याच्या टोकाला ती दमली आणि बसली. त्याने सांगितलं होतं तसंच. समोर पाणी, पलीकडे लाउव्हनेसकडे जाणारी बोट. आता थोड्या वेळाने ती आपणहून वळेल, म्हणून मी उभी राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. घंटा वाजल्या, चर्च सुटलं, मुली हसत गेल्या. तुल्ला बसूनच होती. कान ताठ, नजर बोटीवर.

"हालस्टाइन," मी हळूच म्हणून पाहिलं. तिने चटकन मान वर केली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग पुन्हा पाण्याकडे तोंड केलं.

ती वळेना. पट्टा माझ्या हातात होता, पण ओढवला नाही. मी तिच्याशेजारी ओल्या दगडावर बसले, आणि आम्ही दोघी त्याची वाट पाहत राहिलो.